वाई–मेणवलीची वारसाफेरी : महाबळेश्वरच्या वाटेवर अर्धा दिवस राखून ठेवावा असे काही

पुणे–सातारा महामार्गावरून सुरूर फाट्याला वळणारी बहुतेक वाहने पाचगणी–महाबळेश्वरच्या ओढीने निघालेली असतात. ढोल्या गणपतीचे दर्शन, एखादा चहा आणि लगेच पसरणी घाट, एवढाच वाईचा वाटा त्या सहलीत असतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार लोकवस्ती असलेल्या या शहरापाशी कृष्णाकाठचे घाट आहेत, अठराव्या शतकातील देवळे आहेत, मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे आणि अवघ्या तीन किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आहे. तरीही हे सारे नीट पाहण्यासाठी वेळ काढून येणारा प्रवासी विरळाच. हे चित्र बदलावे या हेतूने काही स्थानिक अभ्यासू मंडळी पाहुण्यांसाठी वारसाफेरी चालवतात. सकाळी गणपती आळीच्या घाटावरून निघायचे, घाट आणि देवळे पायी पाहायची, मग वाहनाने मेणवलीला जाऊन तेथे फेरी संपवायची, असा तिचा क्रम आहे. त्या फेरीचे हे परीक्षण. आयोजकांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण जे गुण आणि जे दोष मला दिसले ते लहान शहरांचा वारसा पाहुण्यांपुढे मांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपक्रमाला कमीअधिक प्रमाणात लागू पडतील असे मला वाटते.

फेरीची सुरुवात मला मनापासून आवडली. ढोल्या गणपतीच्या देवळात बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळते ती माहिती, म्हणजे मूर्ती एकाच पाषाणातली आहे, ती किती भव्य आहे, नवसाला कशी पावते, येथेही मिळाली. पण मार्गदर्शक तिथे रेंगाळले नाहीत. त्यांनी सगळ्यांना देवळाच्या मागच्या बाजूला नेले आणि नदीकडे तोंड करून उभे राहायला सांगितले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधले तेव्हा वरच्या अंगाला धोमचे धरण नव्हते. महाबळेश्वराच्या डोंगरात पडलेला पाऊस कृष्णेतून थेट या घाटांवर येत असे. नदीच्या इतक्या जवळ एवढे अवजड बांधकाम उभे करायचे तर पुराशी झुंज देण्यापेक्षा पुराला वाट काढून देणे शहाणपणाचे होते. म्हणून गर्भगृहाची मागची भिंत सरळ न ठेवता माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली अशी घेतली आहे. लोंढा तिच्यावर आदळला की दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. हे ऐकल्यानंतर गटातील शाळकरी मुलांनी भिंतीच्या टोकाला हात लावून पाहिला, पाणी कुठवर चढत असेल याचा अंदाज बांधला, आणि देवळाचे शिखर पुन्हा एकदा वेगळ्या नजरेने पाहिले. वास्तू दाखवण्याची हीच रीत मला खरी वाटते. आधी अडचण सांगावी, मग त्या काळच्या माणसांनी तिच्यावर काढलेला उपाय दाखवावा; सनावळी आपोआप लक्षात राहते.

शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळात याच पद्धतीने थोडा वेळ गेला. हे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधले, म्हणजे गणपतीच्या देवळाआधी पाच वर्षे. तटबंदी, दीपमाळा आणि सभामंडपापुढचा काळ्या पाषाणातील नंदी ही तिथली पाहण्याची मुख्य स्थळे. नंदीच्या गळ्यातील घंटामाळा आणि अंगावरचे अलंकार इतके नेटके कोरले आहेत की त्यासाठी एकट्याने पुन्हा यावे असे वाटते. येथे मार्गदर्शकांनी रास्ते घराण्याची ओळख करून दिली. मूळचे गोखले असलेले हे सावकारी आणि सरदारी घराणे. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी आणि विश्वासराव, माधवराव व नारायणराव यांची आई. पुण्याच्या सत्तेशी जडलेले हे नाते कळले की एवढ्या लहान गावात थोड्याच वर्षांच्या अंतराने एवढी मोठी बांधकामे कशी उभी राहिली, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. उरलेले निम्मे उत्तर, म्हणजे पैसा नेमका कोठून आला, कारागीर कोणते होते, दगड कोणत्या खाणीतला, याबद्दल मात्र फेरीत फारसे काही सांगितले गेले नाही. गवंडी आणि पाथरवटांविषयी दोन वाक्ये तरी हवी होती. देऊळ कोणी बांधवले हे सगळीकडे सांगितले जाते. ते कोणी बांधले हे सांगणारा मार्गदर्शक लाभला तर पाहुणे त्याला विसरणार नाहीत.

घाटांवरून चालण्याचा भाग हा या फेरीचा सर्वांत समृद्ध भाग आहे. वाईची जुनी वस्ती आळ्यांची. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी अशी नावे घेत घेत आपण नदीकाठाने पुढे सरकतो आणि लक्षात येते की प्रत्येक आळीचे नदीशी आपले स्वतंत्र नाते आहे. माघ–फाल्गुनाच्या सुमारास या आळ्यांचे कृष्णाबाईचे उत्सव एकामागून एक होतात. प्रत्येक आळी आपल्या घाटावर कृष्णाबाईची स्थापना करते, कीर्तने होतात, प्रसादाच्या पंगती बसतात. अफजलखान १६४९ पासून वाईचा सुभेदार होता. पुढे १६५९ मध्ये तो स्वराज्यावर चालून आला तेव्हा शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णाबाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. मार्गदर्शकांनी ही कथा सांगताना ‘परंपरा अशी आहे’ हे शब्द आवर्जून वापरले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

मोलाची अशासाठी की फेरीसोबत दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात ही काळजी घेतलेली नाही. पत्रकाच्या पहिल्याच ओळीत वाई ही महाभारतातील विराटनगरी असून पांडवांनी अज्ञातवासाचे वर्ष येथे काढले, असे निखळ इतिहास म्हणून छापले आहे. जवळच्या पांडवगड आणि वैराटगड या किल्ल्यांची नावे त्याच्या पुष्टीसाठी दिली आहेत. आख्यायिका सांगू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. एखाद्या गावाने स्वतःविषयी शतकानुशतके काय मानले हादेखील त्या गावाच्या वारशाचाच भाग असतो, आणि डोंगरांना अशी नावे का पडली असावीत हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. परंतु १७६२ सालचे देऊळ आणि विराटनगरी ही दोन्ही विधाने एकाच ठाम सुरात छापली की चोखंदळ वाचक पहिल्याकडेही संशयाने पाहू लागतो, आणि भोळा वाचक दुसरे खरे मानून घरी जातो. दोन्हींत नुकसान वाईचेच आहे. जे पुराव्याने सिद्ध आहे ते एका बाजूला, जे लोक सांगत आले आहेत ते दुसऱ्या बाजूला, एवढी साधी विभागणी पुढच्या आवृत्तीत व्हावी, अशी आयोजकांना आग्रहाची विनंती आहे. चालताना तोंडी जी सचोटी पाळली जाते तीच कागदावरही दिसली पाहिजे, कारण पाहुण्याबरोबर घरी जातो तो कागद.

पत्रकातील नकाशाही सुधारायला हवा. त्यात देवळे ठळक दाखवली आहेत, पण आळ्यांची नावे नाहीत. ज्या शहराची रचनाच आळ्यांनी झाली आहे त्याच्या नकाशात आळ्या नसाव्यात हे योग्य नव्हे. फेरी संपल्यावर ज्यांना एकट्याने पुन्हा हिंडायचे असते त्यांना रस्ता विचारताना आळीचेच नाव लागते. शिवाय स्वच्छतागृह कोठे, सावलीत बसायची जागा कोठे, पायऱ्या टाळून जाता येईल अशी वाट कोणती, हे नकाशात असणे अगत्याचे आहे. आमच्या गटात एक वयस्क जोडपे होते. घाटाच्या पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी झिजलेल्या आहेत, त्यामुळे आजींना मधूनच मागे थांबावे लागले आणि पुढचा बराच भाग त्यांना ऐकता आला नाही. आयोजकांपैकी कोणी त्यांच्यासोबत थांबले असते तर हे सहज टळले असते. गट लहान ठेवण्याचा त्यांचा निर्णय उत्तम आहे. त्याला सोबत चालणाऱ्या दुसऱ्या माणसाची जोड मात्र हवीच.

घाटावर वागावे कसे याविषयी सुरुवातीलाच दिलेली सूचना विशेष उल्लेखनीय वाटली. कृष्णेचे घाट हे प्रदर्शनात मांडलेली वस्तू नव्हेत. तेथे लोक स्नानाला येतात, कपडे धुतात, धार्मिक विधी करतात, कोणी आपल्या माणसाचे दिवस घालायला आलेले असते. कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय काढायचे नाही आणि विधी चालू असेल तिथे आवाज चढवायचा नाही, असे मार्गदर्शकांनी स्पष्ट शब्दांत बजावले आणि स्वतः एका ठिकाणी सांगत असलेली हकीकत अर्धवट सोडून गटाला पुढे नेले. पर्यटन वाढवायचे म्हणजे रहिवाशांची अडचण वाढवायची असे समीकरण अनेक ठिकाणी रूढ होत चालले आहे. रहिवाशांना पाहुणे नकोसे झाले की वारसा कितीही जुना असो, पाहुणाही तिथे रमत नाही. या बाबतीत ही फेरी इतरांनी अनुकरण करावी इतकी चांगली आहे.

मेणवलीचा टप्पा वाहनाने गाठावा लागतो. १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नाना फडणवीसांना दिले आणि नानांनी तेथे सहा चौकांचा वाडा, नदीवर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि देवळे बांधली. हिंदी चित्रपटांच्या चित्रणामुळे हा घाट देशभर पोचला आहे, आणि फेरीतला जवळजवळ निम्मा वेळ येथे त्याच आठवणींवर गेला. कोणत्या पायरीवर कोणते गाणे चित्रित झाले, कोणता नट कोठे बसला होता, हे ऐकायला गटातील अनेकांना आवडत होते हे मी नाकारत नाही. चित्रपटाच्या ओढीने माणूस मेणवलीपर्यंत आला तर त्यात वाईट काहीच नाही. पण आलेल्या माणसाला नाना कोण होते हे न कळताच तो परत गेला, तर ती संधी हातची गेली असे म्हणावे लागेल. १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मलेला हा माणूस पानिपतावरून जिवंत परतला, नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंच्या कारभारात अग्रभागी राहिला आणि १८०० मध्ये मृत्यू येईपर्यंत पेशवाईचा गाडा त्याच्या बुद्धीवर चालला. त्यांची कागदपत्रे मेणवली दप्तर या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. वाड्याच्या भिंतींवरची चित्रे पाहताना हे सांगितले गेले असते तर चौकाचौकांतून फिरण्याला अर्थ आला असता. मार्गदर्शकांना हे सारे ठाऊक होते. मी विचारले तेव्हा त्यांनी भरभरून सांगितले. न विचारणाऱ्यांच्या वाट्याला मात्र ते आले नाही.

घाटावरच्या घंटेपाशी फेरी पुन्हा पहिल्या उंचीवर गेली. मेणेश्वराच्या देवळाजवळच्या छोट्या दगडी मांडवात टांगलेली ही पंचधातूची घंटा मुळात चर्चची आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली त्या मोहिमेतून मराठ्यांनी अशा अनेक घंटा आणल्या. भीमाशंकराच्या देवळात आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशी घंटा पाहायला मिळते. मार्गदर्शकांनी ही तिन्ही ठिकाणे एका सूत्रात गुंफून दाखवली आणि मेरीची आकृती पुसून न टाकता ती घंटा देवापुढे तशीच टांगली गेली, याकडे लक्ष वेधले. त्यावर स्वतःचे भाष्य न करता त्यांनी गटाला थोडा वेळ बघू दिले, हे फार चांगले केले. मेणवली, भीमाशंकर आणि नाशिक पाहणारा प्रवासी बहुधा वेगवेगळ्या सहलींत ती पाहतो. या घंटांमुळे त्याला वसईच्या मोहिमेचा एक धागा हाती लागतो, आणि लहान शहराचा वारसा मोठ्या इतिहासाला जोडून देण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाही.

आता माझी सर्वांत मोठी तक्रार. साडेतीन–चार तासांच्या या फेरीत प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोश यांच्या वाट्याला आली ती चालता चालता उच्चारलेली दोन वाक्ये. वाईला दक्षिण काशी म्हणायचे, ते केवळ घाटांमुळे नव्हे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढे संन्यास घेतल्यावरचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत देशभरातून विद्यार्थी येत. विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन शास्त्राध्ययनासाठी वाईला आले ते याच शास्त्रीबुवांकडे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले. १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला, धर्मकोशाचे प्रचंड काम त्यांच्या देखरेखीखाली झाले आणि मराठी विश्वकोशाचे ते पहिले प्रमुख संपादक होते. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढे वीस खंडांचा तो प्रकल्प या तालुक्याच्या गावातून सिद्धीस गेला. विद्यापीठ नसलेल्या गावात ज्ञानकोशाचे एवढे काम व्हावे, ही गोष्ट माझ्या दृष्टीने कोणत्याही घाटाइतकीच भव्य आहे.

तिथे पाहण्यासारखे काही नाही, साध्या इमारती आहेत, पाहुणे कंटाळतील, असे कारण मला देण्यात आले. हे कारण मला पटले नाही. ढोल्या गणपतीची मागची भिंत तरी कोणी मुद्दाम पाहायला जात होते का? ती सांगितली म्हणून दिसली. गंगापुरीतल्या एखाद्या सावलीत गटाला दहा मिनिटे बसवून विश्वकोशाच्या एका खंडातील एखादी नोंद वाचून दाखवावी, ती लिहून घेण्यापासून तपासून छापण्यापर्यंत किती हातांखालून जाते ते सांगावे, आणि पाठशाळेतल्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जात असे हे समजावून द्यावे. पायांनाही तेवढीच विश्रांती मिळेल. मराठी वाचणाऱ्या पाहुण्यांसाठी तरी हा थांबा फेरीच्या मध्यभागी असला पाहिजे. विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचायला मिळतो, म्हणजे पाहुण्याला आपल्या मोबाइलवर तिथल्या तिथे वाईची नोंद उघडून दाखवता येईल. याला खर्च काहीच नाही.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. वेळेचे पालन चोख होते. शुल्क माफक आहे. मार्गदर्शकांचे मराठी स्वच्छ आणि ओघवते आहे. इतर भाषांत फेरी हवी असल्यास आधी कळवावे लागते. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, तेव्हा पकड असलेले पायताण घालावे, आणि देवळांपाशी ते वरचेवर काढावे लागते म्हणून बंदांचे बूट टाळावेत. उन्हाळ्यात दगड लवकर तापतो. सकाळची पहिलीच फेरी निवडावी. मेणवलीचा वाडा खासगी मालकीचा असल्याने तो त्या दिवशी पाहता येईल की नाही याची खातरजमा निघण्यापूर्वी करून घेणे बरे.

मुक्काम करणाऱ्यांसाठी आयोजकांनी दुसऱ्या दिवसाची एक जोडफेरी सुचवली तर तिला नक्की प्रतिसाद मिळेल. धोमचे नृसिंहाचे देऊळ आणि तिथला कमळाच्या आकाराच्या कुंडातला, कासवावर बसलेला नंदी, लोहाऱ्याची पालपेश्वर लेणी, भोगावची वामन पंडितांची समाधी, एवढे एका दिवसात आरामात पाहून होते आणि बौद्ध काळापासून पंत कवींपर्यंतचा मोठा पल्ला डोळ्यांखालून जातो. रंगपंचमीला बावधनचे बगाड, म्हणजे नवस फेडणाऱ्याला उंच लाकडी खांबाला टांगून गाड्यावरून काढलेली यात्रेची मिरवणूक, असते; त्या गर्दीत अनोळखी पाहुण्यांना नेण्याआधी गावकऱ्यांशी बोलून घ्यावे आणि मगच ठरवावे.

कृष्णाबाईच्या उत्सवाबाबतही हेच. कोणत्या आळीचा उत्सव कोणत्या तिथीला, हे वर्षाच्या आरंभीच तारखांसह प्रसिद्ध झाले तर पुण्या-मुंबईचा माणूस रजा टाकून येऊ शकेल. सध्या फेरीच्या माहितीत ‘माघ–फाल्गुनात’ एवढाच उल्लेख आहे आणि तेवढ्यावर कोणाचे आरक्षण होत नाही. हे वेळापत्रक, सुधारलेला नकाशा आणि गंगापुरीतला थांबा, एवढे तीन बदल झाले तर मी ही फेरी कोणालाही डोळे झाकून सुचवीन. आज आहे त्या स्थितीतही ती घ्यावीच. मेणवलीला पोचल्यावर मात्र नानांविषयी आपणच प्रश्न विचारावेत.